बारावं बटण

समजा, तुम्हाला घरच्या घरी एक गाणं रेकॉर्ड करायचं आहे. गाणारं माणूस घरातच आहे, स्वयंपाकघरात धान्य निवडत बसलं आहे. माइक कुणाकडून तरी मिळाला आहे. लॅपटॉप आहे. या दोघांच्या मधे एक डबा लागतो. माइकमधून येणारी इवलीशी वीज घ्यायची, ती वाढवायची, तिचे आकडे करायचे आणि यूएसबीच्या वायरीतून ते आकडे लॅपटॉपला द्यायचे, एवढंच त्याचं काम. त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. तुम्ही दुकानात जाता. फळीवर अकरा डबे आहेत. सगळ्यांवर गोल खुंट्या, सगळ्यांवर दिवे, सगळ्यांच्या खोक्यावर डोळे मिटून गाणारी एक मुलगी. तुमच्या हातात तेवीस दिवस आहेत. कोणता डबा घ्याल?

तुम्ही दहा मिनिटांत कुठला तरी घ्याल, घरी याल, गाणं रेकॉर्ड कराल आणि चहा प्याल. माझ्या काकांना तेवीस दिवस पुरले नाहीत.

काका काटे दुरुस्त करतात. घड्याळाचे नाहीत, वजनाचे. वाण्याचा काटा, औषधवाल्याचा नाजूक काटा, गोदामातला पोती तोलायचा काटा, बाळाला झोपवून तोलतात तो पाळण्यासारखा काटा. सायकलच्या मागे एक लाकडी पेटी असते. तिच्यात जांभळ्या मखमलीत बसवलेली पितळेची बारा वजनं. काम झालं की काका एकेक वजन पुसून आपापल्या खळग्यात ठेवतात आणि झाकण बंद करतात. गेली पस्तीस वर्षं त्यांचा एकच नियम आहे: आधी शून्य, मग वजन. पारडं रिकामं असताना काटा शून्यावर नसेल, तर पुढे सोनं ठेवा नाहीतर बटाटे, सगळं खोटं. हा नियम ते कुठेही लावतात. जेवायला बसल्यावर आधी रिकाम्या ताटाकडे बघतात. काकू म्हणतात, "लग्नाच्या वेळी माझ्याकडेही असंच बघत होते. मला वाटलं, लाजतायत."

गाणं होतं आत्याचं. आत्या म्हणजे काकांची मोठी बहीण. तिने एकतीस वर्षं बटणांच्या कारखान्यात पाकिटं भरली. एका पाकिटात बारा बटणं. मोजत बसलं तर हात मंदावतो, म्हणून तिने एक गाणं केलं होतं. शब्द असे काही खास नाहीत:

पहिलं बटण काळं, त्याला दोनच डोळे,
दुसरं बटण गोरं, त्याला चार डोळे,
तिसरं गेलं रुसून, कोट उघडा पडे...

असं अकरापर्यंत. अकराही ओळींची चाल एकच, जात्यासारखी फिरणारी. बाराव्या ओळीला मात्र चाल वळते. वर जाते, तिथे क्षणभर थांबते आणि खाली उतरून मिटते. ती मिटली की हातही मिटतो आणि पाकीट बंद होतं. म्हणजे आत्या कधी मोजायचीच नाही. चाल मोजायची.

आणि मुद्दा असा, की ती बारावी ओळ घरात कुणीच ऐकलेली नव्हती. आत्या दिवसभर ते गाणं तोंड मिटून गुणगुणते, पण अकराव्यावरून परत पहिल्यावर येते. "पाकीट नसताना बारावं म्हटलं, की हात रिकामाच बंद होतो," ती म्हणायची. "कसंतरी वाटतं. दार नाही आणि कडी लावली."

काकांनी ते बारावं ऐकलं असायला हवं होतं. ते चार वर्षांचे असताना आत्या त्यांना कामावर घेऊन जायची आणि टेबलाखाली एका मोठ्या खोक्यात, बटणांच्या ढिगावर बसवून ठेवायची. घरी सांभाळायला कुणी नव्हतं. पण काका शपथेवर सांगतात, की अकराव्या ओळीपर्यंत त्यांचा डोळा लागलेला असायचा. "दर वेळी," ते म्हणतात. "एकदाही बारावं ऐकलं नाही. आणि ऐकून तरी काय उपयोग? माझ्या गळ्यात सूर नाही. शाळेत सगळे मिळून गायचे तेव्हा बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं."

तर त्या आत्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, ऑपरेशन साधं आहे, पण आवाज परत येईल तो असाच येईल असं नाही. बहुतेक जाड होईल, वरचे सूर लागणार नाहीत. तारीख तेवीस दिवसांनंतरची मिळाली.

आत्याला त्याचं काही नव्हतं. "आता कुणाला गाऊन दाखवायचंय? भाजीवाल्याशी भांडता आलं म्हणजे झालं."

काका मात्र घरी आले ते सायकल न लावताच आत आले. "बाराव्याला चाल वर जाते ना?" त्यांनी मला विचारलं. "ताई म्हणते, वर जाते."

"हो."

"मग ती जायच्या आत धरली पाहिजे."

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे, तेव्हा असलं काम घरात माझ्याकडेच येतं. मी सरळ मोबाईल काढला. म्हटलं, आत्ता करूया. काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी आत्याला पोत्यांच्या काट्यावर उभं करणार होते.

"यात शून्य कुठे आहे, दाखव."

"मोबाईलमध्ये शून्य नसतं, काका."

"मग ठेव खिशात. कांद्याच्या काट्यावर सोनं तोलतात का?"

म्हणून आम्ही वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार काकांना ओळखत होता. त्याचा पार्सल तोलायचा काटा काकांनी एकदा चहाच्या कपावर दुरुस्त करून दिला होता. तो म्हणाला, "तुम्ही खुशाल एकेक डबा घरी न्या साहेब, बघा, आवडला तर ठेवा." हे वाक्य त्याला फार महागात पडलं, पण ते पुढे.

आत्याही बरोबर आली होती. फळीसमोर उभी राहून तिने चष्मा वर केला, खाली केला. काही डब्यांना पुढून दोन माइक लागतात, काहींना चार.

"दोन भोकांचं की चार भोकांचं?" तिने विचारलं.

दुकानदार सांगू लागला, की आज एक माइक आहे, उद्या वाद्यं वाढली, तर चार बरे पडतात, पुढचा विचार करून—

"दोन भोकांचं शर्टाला, चार भोकांचं कोटाला," आत्या म्हणाली. "आपलं काम शर्टाचं आहे. दोनचं दाखवा."

एकतीस वर्षांचा अनुभव बोलत होता. दुकानदाराने मुकाट्याने चारचे सगळे डबे बाजूला केले. अकरातले तीन उरले: लाल, काळा आणि चंदेरी. मला आजही वाटतं, ऑडिओ इंटरफेस निवडण्याची याहून चांगली पद्धत मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

पहिला डबा घरी आला तो लाल. मी तो लॅपटॉपला जोडला, माइक लावला, पडद्यावर आवाजाची पट्टी उघडली. काकांनी चष्मा पुसला. बारा वजनांची पेटी उगाचच शेजारी आणून ठेवली.

"आता कुणी बोलू नका. शून्य बघू."

आम्ही गप्प बसलो. पट्टी खाली जाऊन थरथरत राहिली. काकांनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा पडला.

"वजा साठ."

"छान आहे की," मी म्हटलं.

"वजा साठ? पारडं रिकामं आणि काटा शून्याच्या खाली साठ?"

तेव्हा मला कळलं, की आता जे सांगायचं आहे ते एखाद्याला त्याचा धर्म खोटा आहे असं सांगण्यासारखं आहे. पण सांगणं भाग होतं. "काका, यात शून्य म्हणजे सगळ्यात मोठा आवाज. सगळ्यात वर. त्याच्या पुढे गेलं, की आवाज फाटतो. आणि शांतता खाली, वजा नव्वद, वजा शंभर, जेवढं खाली तेवढं चांगलं."

त्यांनी काकूंना हाक मारली. "अगं ऐकलंस? इथे गच्च भरलं की शून्य."

"मग तुमचं डोकं यांच्या मापाने शून्यच भरेल," काकू आतून म्हणाल्या.

काका दोन दिवस जेवणात लक्ष देत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागदाची एक पट्टी कापली, लॅपटॉपच्या पडद्यावर चिकटवली आणि वजा नव्वदच्या जागी पेनाने स्वच्छ शून्य लिहिलं. "हे माझं शून्य," ते म्हणाले. "काटा इथे आला, की ताईला बोलवायचं. त्याआधी नाही." माझ्या पदवीचं जे काही होतं ते त्या कागदाखाली गेलं.

आता खरी गंमत ऐका. काटा तिथे येईना. लाल डब्यात येईना म्हणून काळा आणला, काळ्यात येईना म्हणून चंदेरी. दुकानदाराकडे रोज एक डबा जायचा, एक यायचा. रोज पाच मिनिटांची शांतता रेकॉर्ड व्हायची, तिला तारीख आणि डब्याचा रंग लावून मी ती जपून ठेवायची. आणि तिन्ही डब्यांत अधूनमधून काटा उठायचा. वजा बावन्न. मग खाली. मग परत वजा बावन्न. कुठला तरी बारीक आवाज खोलीत शिरत होता.

काका शोधायला निघाले. पहिला संशय फ्रिजवर. पट्टी हलायला लागताच काकांनी जाऊन फ्रिजचा प्लग काढला. स्वयंपाकघरात धान्य निवडत बसलेली आत्या ताडकन उठली. "छोट्या, दूध नासेल!" काकांचं वय अठ्ठावन्न आहे, पण आत्यासाठी ते छोट्याच. ती दूध बघत राहिली आणि इकडे पट्टी खाली, एकदम शांत. काका विजयाने म्हणाले, "बघ. फ्रिज."

दुसऱ्या दिवशी फ्रिज बंद ठेवूनच सुरुवात केली. वजा बावन्न. काकांनी स्वयंपाकघरातला पंखा बंद केला. आत्या पदराने वारा घेत, बडबड करत बाहेर आली. पट्टी खाली. "पंखा," काका म्हणाले. तिसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ गोधडीत गुंडाळलं. आत्या किती वाजले ते बघायला उठली, पट्टी खाली गेली. "घड्याळ." मग नळाला फडकं. मग दाराच्या बिजागरीला तेल. दर वेळी दोषी सापडायचा, दर वेळी त्याला शिक्षा व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा वजा बावन्नवर. 

तुम्हाला कदाचित एव्हाना कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. त्याचं कारण लाजिरवाणं आहे आणि ते माझ्या खात्यातलं आहे. त्या शांततेच्या फायली आम्ही एकदाही ऐकल्या नाहीत. काकांचं म्हणणं, काटा डोळ्यांनी वाचतात. मलाही आकडे पुरेसे वाटले. आम्ही ऐकत नव्हतो, वाचत होतो.

एकविसाव्या दिवशी घराची अवस्था अशी होती: फ्रिज बंद, दूध शेजारी. पंखे बंद. घड्याळ गोधडीत, गोधडी कपाटात. नळ बांधलेले. काकू पायात मोजे घालून चालत होत्या आणि भाजी चिरताना काका येऊन सुरीकडे बघायचे.

"अहो," काकू म्हणाल्या, "मी श्वास घेतला तर चालेल का, की तोही शेजारी ठेवून येऊ?"

बाविसाव्या दिवशी सकाळी काकूंना बाजारात पाठवलं, आत्याला माइकसमोर बसवलं आणि काळा डबा लावला. खोलीत कुणीच काही करत नव्हतं. पट्टी खाली गेली, अजून खाली गेली आणि कागदावरच्या पेनाच्या शून्यावर जाऊन निजली. काकांचे डोळे भरून आले. "बसलं," ते कुजबुजले. "हाच डबा. ताई, म्हण."

आत्या माइककडे बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं.

"म्हण ना."

"कसं म्हणू? कुणी गेल्यासारखं वाटतंय." तिने खोलीभर नजर फिरवली. "छोट्या, माझ्या आजूबाजूला साठ यंत्रं धडधडत असायची. इतक्या शांततेत मी आयुष्यात गायले नाही."

"अगं, हीच तर शांतता हवी होती! एकवीस दिवस मी—"

"तुला हवी होती. मला काय करायचीय? पंखा लाव, मग गळा सुटेल."

मग जे भांडण झालं ते तासभर चाललं आणि सगळं रेकॉर्ड झालं. ते ऐकायला फार छान आहे, आवाज अगदी स्वच्छ आला आहे. काका म्हणत होते, शून्याशिवाय वजन नाही. आत्या म्हणत होती, "वजन माझं आहे, पारडं मी सांगेन ते." शेवटी दुपारी काका हरले. त्यांनी पंखा लावला. आत्या म्हणाली, कमी आहे. फ्रिज लावला. कमी आहे. काकू बाजारातून आल्या होत्या, त्यांना दुसऱ्या खोलीतला पंखा आणि कपडे धुवायचं यंत्र लावायला सांगितलं. "वन्सं, मिक्सरही लावू का?" काकूंनी विचारलं. त्या चिडवत होत्या, पण आत्या म्हणाली, "लाव की."

मिक्सर रिकामाच घरघरू लागला आणि आत्याच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षं मागे गेल्यासारखं हसू आलं. तिच्या मांडीवर बटणांचा डबा होता, हातात एक कागदी पाकीट. तिने सुरू केलं. पहिलं बटण काळं. हात चालू लागला, बघता बघता दिसेनासा झाला. सहावं, सातवं. काका पडद्याकडे बघत नव्हते, पहिल्यांदाच. आठवं, नववं, दहावं. अकरावं. तिने बारावं बटण उचललं, श्वास घेतला—

आणि फ्यूज उडाला.

एका घरात एवढं सगळं एकदम लावल्यावर दुसरं काय होणार. पंखे, फ्रिज, यंत्र, मिक्सर, सगळं एका दमात गप्प झालं. लॅपटॉपची बॅटरी तासाभराच्या भांडणात कधीच बसली होती, तो नुसत्या वायरीवर चालला होता, तोही गेला आणि चालू असलेली फाइल घेऊन गेला. आता घरात खरोखर पूर्ण शांतता होती. काकांनी एकवीस दिवस मागितली होती तशी.

आत्या खोकायला लागली. खोकला थांबेना. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, आता एक शब्द नको, ऑपरेशनपर्यंत आवाज बंद. आत्याने पाकीट तसंच मांडीवर ठेवलं. अकरा बटणं आत, एक मुठीत.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मी परीक्षेला बाहेरगावी गेले होते, म्हणून हे काकूंकडून ऐकलेलं. दवाखान्यात नर्सने आत्याचं वजन करायला काटा आणला. काकांनी आधी शून्य बघितलं. अर्धा किलो जास्त होतं. नर्सने "चालतं हो" म्हणेपर्यंत काकांनी चार स्क्रू काढले होते. वॉर्डातल्या दोन पेशंटांची रांग लागली. काका म्हणत होते, "अहो, औषध वजनावर देता ना? मग?" बोलणं खरंच होतं, पण काटा जमिनीवर उघडा पडला होता. नर्सने सांगितलं, पेशंटजवळ एकच नातेवाईक थांबेल आणि तो हा नसेल. काकू थांबल्या. काका घरी आले.

घर रिकामं. आत्या नाही, काकू नाही, मी नाही. हातांना काही काम नाही. लॅपटॉप टेबलावर तसाच, काळा डबा लावलेला. काकांनी पडद्यावरचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. ते नंतर म्हणाले, "असं शून्य पुन्हा मिळणार नाही म्हणून." मग ते विसरून गेले आणि आपलं काहीबाही करत बसले. तीन तासांनी काकूंचा फोन आला, सगळं नीट झालं, तेव्हा त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि आकडा पाहिला.

मी परत आले तेव्हा आत्या घरी आली होती. पंधरा दिवस बोलायचं नाही, तिच्या हातात लहान मुलांची पाटी होती. काका मात्र माझी वाट बघत दारातच उभे.

"रिकाम्या घरात वजा अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "रिकाम्या घरात! फ्रिज बंद होता, पंखा बंद होता. डबाच खराब आहे. मी उलटा काटा निवडला."

मी पहिल्यांदाच हेडफोन लावले. शिस्त म्हणून पहिल्या दिवसाच्या फाइलपासून सुरुवात केली. आवाज जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवला. आधी नुसती सळसळ. मग त्या सळसळीच्या मागे, दोन खोल्या पलीकडे असावी तशी, फिरणारी चाल.

"काका," मी म्हटलं, "फ्रिज नाही हा. आत्या आहे."

लाल डब्यात आत्या. चंदेरी डब्यात आत्या. फ्रिजचा प्लग निघतो, आत्या थांबते, "छोट्या, दूध नासेल!" एकवीस दिवसांच्या एकवीस शांतता, आणि प्रत्येकीत ती धान्य निवडत गुणगुणते आहे. ज्या आवाजाला हाकलायला आम्ही घड्याळाला गोधडीत घातलं, तो तोच आवाज होता. मी हेडफोन काढून स्पीकर लावला. काका खुर्चीत बसले. आत्याने पाटीवर लिहिलं, "गाढवांनो." मग ते पुसून लिहिलं, "दोघंही."

काका हसत होते आणि रडतही होते आणि मधेच थांबून म्हणाले, "पण बारावं?"

बारावं नव्हतं. एकवीसही फायलींत नव्हतं. पाकीट नसताना ती ते म्हणतच नाही. अकराव्यावरून परत पहिलं, परत पहिलं. काकांनी आत्याकडे बघितलं. आत्याने पाटी उलटी ठेवली. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, वरचा सूर आता गेला म्हणून समजा.

उरली होती ती शेवटची फाइल. ऑपरेशनच्या दिवसाची. मी ती लावली, ती केवळ डबा खरंच खराब आहे का ते बघायला.

सुरुवातीला बराच वेळ खुर्ची कुरकुरते. मग पेटीची कडी निघते. मग फडक्याने पितळ पुसल्याचा आवाज, आणि एक वजन आपल्या खळग्यात बसतं, टक. त्याबरोबर चाल सुरू होते. तोंड मिटून, जाड, जरा घोगरी, पण सुरात. दुसरं वजन, टक. तिसरं. आत्याने पाटी खाली ठेवली आणि टेबलावर बोट आपटायला सुरुवात केली. आठवं. नववं. दहावं. अकरावं. बारावं वजन पुसलं जातं आणि चाल वळते. वर जाते. तिथे क्षणभर थांबते. खाली उतरते, मिटते, आणि पेटीचं झाकण बंद होतं. टप्.

आत्याची मूठ आपोआप मिटली होती. तिने डोळे टिपले नाहीत, तसेच वाहू दिले.

काकू म्हणाल्या, "अहो, हे तर रोज संध्याकाळी तुम्ही—"

आत्याने त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. काकूंनी तोंड मिटलं. काकांना वाटलं, तिला परत ऐकायचं आहे म्हणून ती गप्प राहायला सांगते आहे. त्यांनी मला परत लावायला सांगितलं. मी तीनदा लावलं. मग आत्याने माझ्याकडेही बघितलं, ओठांवर बोट तसंच.

त्या फाइलची मी चार ठिकाणी नक्कल ठेवली आहे. काळा डबा आमच्याकडेच राहिला. दुकानदार म्हणाला, एवढ्या दिवसांत ज्याला तुमच्या घराची सवय झाली तो डबा परत कसा घेऊ. काका आता घरात असले, की आकड्यांकडे बघत नाहीत, हेडफोन लावून ऐकतात. शेजाऱ्यांकडे जाऊन आले, त्या दिवशी कुणी गात होतं का. वरच्या मजल्यावर जाऊन आले. नळाचा पाइप हाताने ठोकून बघितला.

परवा मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते दिवसभराचं काम आटपून पेटी समोर घेऊन बसले होते. फडक्याने एकेक वजन पुसून मखमलीत ठेवत होते. मी दारातच थांबले. बारावं ठेवलं, झाकण लावलं आणि वर बघितलं.

"बरं झालं आलीस. तू शिकलेली आहेस, तूच सांग," ते म्हणाले. "वजनं ठेवतोय तो मी, ते मला कळतं. टक टक माझीच आहे. पण ताई दवाखान्यात. तुझी काकू तिच्याजवळ. तू परीक्षेला. आणि मला तर बारावं येतच नाही. मग त्या रिकाम्या घरात गात होतं कोण?"